डेव्हिन हेस्टरची कारकीर्द फिल्मवर वाचताना: माझा अनुभव

डेव्हिन हेस्टर हा अमेरिकन फुटबॉलमधला रिटर्नर, म्हणजे विरोधी संघाने मारलेला चेंडू झेलून परत पुढे पळणारा खेळाडू. त्याच्या शिकागो बेअर्स संघाचे जुने सामने लावले की पहिली अडचण येते ती कॅमेऱ्याची. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे पंट (ताबा सोडताना पायाने लांब, उंच मारलेला चेंडू) हवेत असताना खाली कोण कुठे पळतंय ते दिसत नाही. बावीसही खेळाडू टिपणारं वरच्या कोनातलं चित्रीकरण मिळालं तर तेच घ्यावं. नाही मिळालं, तर निदान रीप्ले थांबवून थांबवून पाहावा.

सोबत स्टॉपवॉच हवंच. पंटरचा पाय चेंडूला लागला की सुरू, रिटर्नरच्या हातात चेंडू आला की बंद. हा हँग टाइम. ४५ यार्डांचा पंट ४.५ सेकंद हवेत राहिला, तर कडेने सुटलेले दोन गनर (रिटर्नरला पाडायला धावणारे पंटरचे साथीदार) जवळपास चेंडूबरोबरच पोचतात. अशा वेळी हात हलवून फेअर कॅच मागितलेला बरा, म्हणजे झेल बिनधोक घ्यायचा, पण पुढे पळायचं नाही. पंट ५० यार्ड गेला आणि हवेत ४ सेकंदच राहिला, तर मात्र पळायला जागा मिळते. मी प्रत्येक पंटसमोर हे दोन आकडे लिहीत गेलो, आणि रिटर्नरचा निर्णय बरोबर होता की नाही ते धाव पाहण्याआधीच कळू लागलं.

झेल क्रिकेटमधल्या उंच झेलासारखा दिसतो, पण इथे तो घेताना अंगावर माणसं येत असतात. कोपरं आत, चेंडू छातीशी. डावखुऱ्या पायाच्या पंटरचा चेंडू उलटा फिरतो, म्हणून तो पडतानाही वेगळ्या बाजूला सरकतो. झेल सुटतो तो बहुधा शेवटच्या क्षणी नजर गनरकडे गेल्यामुळे. सुटलेला चेंडू विरोधी संघाने उचलला तर ताबा गेलाच. आणखी एक जुना नियम: टाचा आपल्या बाजूच्या १० यार्डांच्या रेषेवर ठेवायच्या आणि डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूमागे जायचं नाही, तो बहुतेकदा एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) जाऊन टचबॅक होतो, म्हणजे न पळताच आपल्या संघाला चेंडू पुढे आणून मिळतो.

हेस्टर २००६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ५७ वा निवडला गेला, तोही कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू म्हणून. ४ फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, त्याने पहिलाच किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) ९२ यार्ड परत नेऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट एंड झोनमध्ये पोचवला. त्यानंतर समोरच्या कोल्ट्स संघाने त्याच्याकडे खोल किक मारणंच टाळलं. मला हा भाग टचडाउनइतकाच मोलाचा वाटतो: अशा आखूड किकमुळे संघाला पुढून सुरुवात मिळते, पण रिटर्नरच्या खात्यात त्यातलं काहीच जमा होत नाही.

२००७ मध्ये त्याला वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू केलं. इथे आकडे शेजारी मांडून पाहावेत. २००८ मध्ये ५१ झेल, २००९ मध्ये ५७ झेल आणि ७५७ यार्ड. या दोन्ही हंगामांत रिटर्नवर एकही टचडाउन नाही. २०१० मध्ये झेल ४० वर आले आणि पंटवर तीन टचडाउन झाले. थकवा हे एक कारण असेल. पण माझ्या मते दोन्ही कामांची शिस्तच उलटी आहे. रिसीव्हरला ठरलेल्या यार्डावर, ठरलेल्या पावलावर वळावं लागतं, कारण तो वळण्याआधीच क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्याने) चेंडू सोडलेला असतो. रिटर्नर ब्लॉकर्सची (वाट मोकळी करणाऱ्या साथीदारांची) भिंत धरून निघतो खरा, पण फट दिसली की ठरलेलं सोडून तिथे घुसतो. हेस्टरची ताकद या दुसऱ्या कामात होती. २०१४ मध्ये अटलांटाकडून खेळताना त्याने डिऑन सँडर्सचा १९ रिटर्न टचडाउनचा विक्रम मोडला, आणि २०२४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये (खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेला. मुख्यतः रिटर्नर म्हणून तिथे पोचलेला तो पहिलाच.

आजचे किकऑफ पाहताना मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. २०२४ पासून किकर आपल्या ३५ यार्डांच्या रेषेवर एकटा उभा असतो, त्याचे दहा साथीदार समोरच्या संघाच्या ४० वर. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत ते जागचे हलू शकत नाहीत, त्यामुळे हँग टाइम मोजून फारसं काही हाती लागत नाही. तिथे ब्लॉकर्सच्या पहिल्या दोन पावलांवर नजर ठेवावी. पंटसाठी स्टॉपवॉच अजूनही लागतंच.