मागाच्या खडखडाटात कानांचा हिशेब

विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणत्या चौकात किती डेसिबल आवाज झाला, याचे आकडे दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि ते यावेतही. मात्र इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील साध्या यंत्रमागांच्या कारखान्यांत कामगाराच्या कानावर रोज, बहुधा बारा तासांच्या पाळीत, जो आवाज आदळतो तो मोजायला सहसा कोणी जात नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून खडखडाट ही त्या गावाची ओळख झाली, आणि ज्याची ओळख म्हणून कौतुक होते त्याची तक्रार सहसा होत नाही.

साध्या मागात आडवा धागा नेणारा लाकडी धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत अक्षरशः हाणला जातो. मिनिटाला दीडशेच्या आसपास अशा फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला धोट्याला हाणणाऱ्या पिकरचा तडाखा बसतो आणि समोरच्या पेटीत धोटा आदळून थांबतो. असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला भिंत लागून चालतात, तेव्हा कारखान्यातील आवाज सामान्यतः 95 ते 100 डेसिबलच्या घरात असतो. कारखान्यांसाठीच्या नियमांतील तक्ता 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार तास आणि 100 ला केवळ दोन तास मुभा देतो. हा तक्ताही उदारच म्हणावा लागेल, कारण ध्वनीची ऊर्जा दर तीन डेसिबलला दुप्पट होते, तर तक्ता वेळ निम्मा करतो तो दर पाच डेसिबलला. अमेरिकेतील नायॉश ही संशोधन संस्था तीन डेसिबलचाच हिशेब धरते आणि 85 डेसिबलला आठ तासांपासून सुरुवात करून 100 डेसिबलला पंधरा मिनिटांवर येते. बारा तासांची पाळी यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आवाजाने आलेला बहिरेपणा दुखत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि पहिला घाव पडतो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बोलण्यातील स, श, फ, त अशा बारीक व्यंजनांच्या पट्ट्यात. स्वर शाबूत राहतात, त्यामुळे माणसाला ‘ऐकू येते’, पण ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ वाटते. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही. सुरुवातीच्या काळात पाळी संपल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, गुणगुणतात आणि सकाळपर्यंत मोकळे होतात. हे मोकळे होणेच फसवे असते.

यावर उपाय म्हणून कानात घालायचे स्पंजचे बोळे वाटले जातात. बोळा वाईट नाही, पण तो तेलकट, कापसाचे तूस लागलेल्या हाताने घाईघाईत अर्धवट खुपसला तर निरुपयोगी ठरतो. स्वच्छ हातांनी तो बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. शिवाय तीस डेसिबल थोपवणारा बोळा बारा तासांत जेमतेम सव्वा तास काढून ठेवला, तरी पूर्ण पाळीचे संरक्षण सुमारे दहा डेसिबलवर घसरते. कामगार तो काढतो, कारण माग बिघडल्याचे त्याला आधी कानाने कळते आणि मजुरी पिकांवर, म्हणजे धोट्याच्या फेऱ्यांवर मिळते. याला बेफिकिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून आधी हात लावायला हवा तो मागाला. झिजलेले पिकर आणि धोट्याचा धक्का झेलणारे बफर वेळेवर बदलणे, ढिले नटबोल्ट आवळणे, मागाच्या पायाखाली रबरी पट्ट्या देणे, धोट्यातील कांडीवर सूत भरण्याचे काम भिंतीपलीकडे नेणे, एवढे तरी खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या छोट्या मागधारकालाही जमण्याजोगे आहे. धागा पट्टीने ओढून नेणाऱ्या रॅपियर मागात धोट्याची आदळआपट नसते, परंतु त्याचे भांडवल प्रत्येकाला झेपत नाही. हवेच्या झोतावर चालणाऱ्या एअरजेट मागालाही शांत म्हणता येणार नाही.

राहिला प्रश्न भरपाईचा. आवाजामुळे आलेले श्रवणदोष कायद्याने व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत; 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात आणि कर्मचारी राज्य विमा कायद्यात ते होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. तरीही मागावर पहिल्यांदा उभे राहताना ऐकणे कसे होते, याची नोंदच नसेल, तर पन्नाशीतल्या माणसाचा बहिरेपणा वयावर ढकलणे फार सोपे जाते. कामाला लागताना आणि पुढे दरवर्षी श्रवणचाचणी करावी, तीही पाळी संपल्या संपल्या न करता रात्रभराच्या विश्रांतीनंतर. कामगार कारखाने बदलत राहतो, त्यामुळे त्या चाचणीच्या आलेखाची एक प्रत कारखान्याच्या फायलीत राहिली तरी दुसरी त्याच्या घरच्या कागदपत्रांत, रेशनकार्डाशेजारी असली पाहिजे.