महाबलीपुरमच्या वाटेवरच्या मगरी

चेन्नईहून महाबलीपुरमला निघालेले बहुतेक जण मद्रास क्रोकोडाइल बँक हे मगरी जपणारं केंद्र अर्ध्या तासात उरकतात. आमच्या ड्रायव्हरचाही तोच आग्रह होता. अजिबात ऐकू नका, अर्धा दिवस काढाच.

ईस्ट कोस्ट रोडवर, चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर, वडनेम्मेलीला ही जागा आहे. महाबलीपुरमकडच्या बस समोरून जातात. सोमवारी बंद. शक्यतो सकाळीच पोहोचा. समुद्र लागूनच असल्याने दुपारचा दमट उकाडा जीव काढतो. टोपी आणि पाणी हवंच.

रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली हे केंद्र सुरू केलं, तेव्हा भारतातल्या मगरी संपत चालल्या होत्या. आता तळ्याकाठी एकीवर एक अशा पसरलेल्या दिसतात, आणि एकही हलत नाही. 'खोट्या आहेत' म्हणत एक गृहस्थ खडा शोधू लागले, त्यांना रखवालदाराने झापलं ते बरंच झालं. जबडा वासून पडलेली मगर अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. कठड्यापाशी गप्प उभं राहिलं की पाण्यातली नुसती डोळ्यांची जोडीही दिसू लागते. सुसरींपाशी नर ओळखायला सोपा: नाकाडाच्या टोकाला घड्यासारखा फुगवटा.

पण खरी चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे आवारातलं इरुला लोकांचं सर्पविष केंद्र. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडला आणि साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेली ही माणसं बेकार झाली. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं मडक्यांत ठेवतात, ठरावीक वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि परत रानात सोडतात. ते विष थोडंथोडं घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. याच समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

इथलं तिकीट वेगळं असतं. प्रात्यक्षिकाच्या वेळा आत शिरतानाच विचारून घ्या आणि बाकीचं फिरणं त्याभोवती बसवा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर छत्री घ्या, त्या किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो.