साहेबाच्या डोक्यातला किडा

गेल्या शनिवारी शेजारच्या बाईंनी मला इथल्या, परदेशातल्या गावच्या हॉलमध्ये जुने इंग्रजी समूहनाच नाचायला ओढून नेलं. समोरासमोर दोन रांगा लावल्या आणि पुढचा नाच पुकारला गेला: 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगॉट'! मॅगॉट म्हणजे अळी, पावसाळ्यात कचऱ्याच्या डब्यात वळवळते ती. हिच्यावर नाचायचं?

बाई हसल्या. जुन्या इंग्रजीत मॅगॉट म्हणजे लहर, खूळ. अहो, मग हा आपला डोक्यातला किडाच की! आमच्याकडेही तो वळवळतो, हे त्यांना पटवण्यात माझा चहा गार झाला.

तर हा किडा १६९५ चा. जॉन प्लेफर्डने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे नाचांचं पुस्तक काढलं १६५१ मध्ये. इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडवून दोनच वर्षं झालेली, प्युरिटन म्हणजे कडव्या धार्मिक मंडळींचा अंमल, आणि हा बाबा लंडनमध्ये नाचाची पुस्तकं विकतोय! पुढे मुलगा हेन्रीने धंदा सांभाळला आणि नवव्या आवृत्तीत ही चाल छापली. या पुस्तकांत आयझॅक, जॅक, डिक अशा बऱ्याच जणांचे किडे आहेत. चाल तीनाच्या मोजणीची, पण दादऱ्यासारखी झुलत नाही, भारदस्त चालते. मी झुलले आणि चुकले.

हॉलमधल्या बायकांचा जीव मात्र दुसऱ्याच कारणाने या चालीवर. बीबीसीच्या १९९५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत नायक-नायिका डार्सी आणि एलिझाबेथ हिच्यावरच नाचतात. कादंबरी १८१३ ची, म्हणजे चाल तेव्हा शंभराहून जास्त वर्षं जुनी! आपल्या ऐतिहासिक मालिकांतल्या शिफॉनच्या साड्यांना आता यांनी हसू नये.

आणि ही 'परंपरा' तरी कसली सलग? प्लेफर्डचे बरेचसे नाच लोक विसरून गेले होते. लोकगीतं आणि लोकनाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने जुन्या पुस्तकांवरून ते पुन्हा उभे केले आणि १९११ पासून छापले. कोणी कुठून कुठे जायचं एवढंच प्लेफर्ड सांगतो. पाऊल कसं टाकायचं, ते बरंचसं शार्पलाच ठरवावं लागलं. माझ्या आजीला झिम्म्याची गाणी रात्रभर पुरतील इतकी पाठ होती, पुस्तकाशिवाय. हे मी जरा ठसक्यातच ऐकवलं. मला त्यातली दोनच येतात, ते सांगितलं नाही.

रात्री आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "तिथे परक्यांत नाचलीस ना? मग इथे मंगळागौरीला पाय दुखतात म्हणून कोपऱ्यात का बसायचीस?"