नाट्यपरीक्षणाची वही, हंगाम तिसरा: एक निकाल मागे घेते

मागच्या नोंदीत मी कापूस वेचणाऱ्या बाईच्या दीर्घांकावर, म्हणजे लांब एकांकिकेवर, चार ओळी लिहिल्या होत्या. 'मधला मूक प्रवेश पंधरा-वीस मिनिटं लांबला आहे, दिग्दर्शकाचा हात सुटला आहे' असं त्यात होतं. तो निकाल मी मागे घेते. तो प्रवेश सहा मिनिटांचा आहे. या वेळी घड्याळ लावून पाहिला.

झालं असं. पहिल्यांदा तो प्रयोग मी जळगावला मोठ्या नाट्यगृहात पाहिला, बाल्कनीच्या खालच्या रांगांत बसून. गट तरुण पोरापोरींचा, त्यांचं हे दुसरंच नाटक, म्हणून नाव इथे घालत नाही. एक बाई पोत्यावर बसून अर्धवट उमललेली बोंडं फोडते आणि कापूस काढते. एवढंच. बोलणं नाही, पार्श्वसंगीत नाही. माझ्या जागेवरून मला एक बाई बसलेली दिसली आणि तिचे हात हलताना दिसले. शेजारचे दोघं मोबाइल काढून बसले होते. मीही कंटाळले आणि घरी येऊन तो कंटाळा प्रयोगाच्या नावावर टाकला.

दीड महिन्याने तोच प्रयोग अमळनेरजवळच्या एका गावात शाळेच्या हॉलमध्ये झाला. सतरंजीवर साठेक माणसं, तीन बाजूंनी. मी नटीपासून फार तर सात-आठ फुटांवर. आणि पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला. वाळलेलं बोंड फुटताना जो कोरडा 'टक्' होतो तो. मग थोडी ओढाताण, कारण अर्धवट उमललेल्या बोंडात कापूस चिकटून असतो. मग पुन्हा टक्. चौथ्या-पाचव्या बोंडाला तिच्या अंगठ्याला टोक लागलं. तिने अंगठा तोंडात धरला, लुगड्याला पुसला आणि पुढचं बोंड उचललं. माझ्या बाजूला बसलेल्या आजी हळूच 'हं' म्हणाल्या. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं. पुढे तिचा वेग वाढत जातो, बाजूचा ढीग मात्र तेवढाच दिसतो, आणि आपण नकळत मोजायला लागतो. एकोणीस बोंडं. विसावं ती उचलते, हातात धरते आणि फोडत नाही. तिथे मुलाचा आवाज येतो, अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत: "माय, पाणी शे का घरमा?" (आई, घरात पाणी आहे का?)

मोठ्या नाट्यगृहातलं हे वाक्य मला 'मूक प्रवेशानंतरचा पहिला संवाद' म्हणून आठवत होतं. इथे ते अंगावर आलं, कारण आधीची सहा मिनिटं मी त्या बोंडांच्या आवाजात होते. प्रवेश लांबलेला नव्हता. तो एवढ्या लांबून पाहण्यासाठी बसवलेलाच नव्हता. बोंडं फुटण्याचा आवाज विसाव्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि तिथे माइक लावला तर तो आवाज स्पीकरमधून येईल, हातातून येणार नाही.

इतिहास वाचला होता, तरी हे माझ्या लक्षात यायला तीन हंगाम लागले. मुंबईत 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग करायला सुरुवात केली. प्रायोगिक नाटकाचा विषय निघाला की आपण सगळे छबिलदासचं नाव घेतो, पण 'चळवळ' म्हणून घेतो. हॉलची लांबी-रुंदी, बसायची जागा, नटाच्या श्वासाचं अंतर यांचा नाटकाच्या लिखाणावरच परिणाम होतो हे मी कधी धरलं नव्हतं. बंगालमध्ये नाटककार-दिग्दर्शक बादल सरकारांनी त्याच दशकात रंगमंचाची चौकट सोडली, प्रेक्षकांच्या मधोमध नाटक आणलं, नेपथ्य आणि दिवे जवळजवळ टाकून दिले. ते पैसे वाचवायला केलं असं मी एका लेखात लिहून मोकळी झाले होते. खर्च कमी होणं हा त्यातला एक भाग होता खरा. पण प्रेक्षकाला अंधारात लपू न देणं हाही हेतू होता. त्या गावच्या हॉलमध्ये समोरच्या रांगेतले चेहरे मला पूर्णवेळ दिसत होते. त्यामुळे मीही मोबाइल काढू शकले नसते.

तेव्हापासून वहीत पहिली ओळ एकच: कुठे बसले होते. नाट्यगृह की हॉल की मैदान, कितवी रांग, माणसं किती, पंखे किती जोरात चालू होते. पंख्यांचं हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे मार्चनंतरच्या प्रयोगात पंखा बंद ठेवा म्हणणं जिवावरचं आहे, आणि पंखा चालू असला की कुजबुजीतलं वाक्य गेलंच. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात तर वाऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. परीक्षण वाचणाऱ्याला हे कळलं पाहिजे, म्हणजे माझं मत किती धरायचं ते त्याचं त्याला ठरवता येईल.

दुसरी सुधारणा लिहिण्याच्या क्रमात. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरचे प्रयोग पाहतच मी परीक्षण लिहायला शिकले, आणि त्या स्पर्धेने मला दिलेली एक सवय मोडायला फार वेळ लागला. बक्षिसांची यादी असते ना, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत दिग्दर्शन, रंगभूषा, अभिनय, त्याच क्रमाने मी प्रत्येकाला एकेक ओळ वाटत असे. 'प्रकाशयोजना पूरक', 'संगीत साजेसे'. माझ्या जुन्या वहीत 'पूरक' हा शब्द एका महिन्यात अकरा वेळा आला आहे. स्पर्धेवर माझा राग नाही. आपल्या खानदेशातल्या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी पोरांना वर्षातून एकदा नीट रंगमंच मिळतो तो तिच्यामुळेच. पण परीक्षकाला गुण द्यायचे असतात आणि मला जे घडलं ते सांगायचं असतं. आता मी आधी एक प्रवेश निवडते, तो जसा दिसला-ऐकला तसा लिहिते, आणि त्यातून मत निघालं तरच मत लिहिते.

'पूरक'ची जागा कशाने भरायची हे शिकायला मी एका लाइटवाल्या काकांकडे तीन तालमींना जाऊन बसले. त्यांनी डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची कळ, हातात दिला आणि म्हणाले, ताई, आधी उतरवून बघा. हॅलोजनचा दिवा हळूहळू खाली आणला की उजेड नुसता कमी होत नाही, तो पिवळा होतो, मग नारिंगी, शेवटी विझता विझता तांबूस. एलईडी पार उतरवला तर रंग तोच राहतो, फक्त उजेड घटतो, आणि स्वस्तातला असेल तर शेवटच्या टप्प्यावर गचके देतो. आता आठवा, आपण किती परीक्षणांत 'संध्याकाळ सुंदर उभी केली' लिहिलं. त्यातली निम्मी संध्याकाळ दिव्याच्या तारेतच असते. कापसाच्या त्या प्रयोगात मोठ्या रंगमंचावर शेवट हॅलोजनवर असाच तांबूस होत गेला होता, आणि मला तो देखणा वाटला होता. गावच्या हॉलमध्ये रंगमंचाचे दिवेच नव्हते. दोन ट्यूबलाइट आणि वायरला लोंबणारा एक बल्ब. शेवटी नटी उठली, चालत खटक्यापर्यंत गेली आणि तिने स्वतः बल्ब बंद केला, जसा आपण रोज झोपताना करतो. मला हा शेवट जास्त खरा वाटतो. गटाने आता दोन्हीकडे तोच ठेवावा, असं मी त्यांना सांगितलं आहे. दिग्दर्शक म्हणाला, विचार करतो.

एक गोष्ट मनाला लागून आहे. या परीक्षणाची सुधारलेली प्रत मी एका स्थानिक दैनिकाला दिली होती. छापून आलं त्यात दीपप्रज्वलन कोणी केलं आणि मंचावर कोण कोण होतं एवढंच उरलं. बोंडं गेली, बल्ब गेला. तक्रार केली नाही, पण पुढच्या वेळी निम्मी लांबी मीच ठरवून देणार आहे, म्हणजे कात्री माझी राहील.

आता भाषेबद्दल, कारण यावर आपल्यात वाद होणार. आपल्याकडच्या नाटकांत अहिराणी बहुतेक वेळा गडी, मोलकरीण किंवा खेडवळ पाहुण्याच्या तोंडी येते, आणि आली की हशा ठरलेला. या नाटकात माय आणि मुलगा अहिराणीत बोलतात, सरकारी माणूस प्रमाण मराठीत, आणि हसू कुठेच मागितलेलं नाही. तरी जळगावच्या प्रयोगात 'शे' ऐकून मागे दोघं-तिघं हसले. गावात कोणी हसलं नाही. हे मी परीक्षणात लिहिलं, नटीच्या अभिनयाच्याही आधी. पुढे नटीने स्वतः 'घरमा' म्हणताना शेवटचा स्वर किंचित लांबवला, तसा माझी मावशी लांबवते, चाळीसगावकडची. पण माय आणि मुलगा एकाच घरातले असूनही मुलाची अहिराणी धुळ्याकडची वाटली. हा दोष आहे आणि तोही लिहिला आहे. आपण नाही लिहिला तर कोण लिहिणार? पुण्या-मुंबईच्या परीक्षकाच्या कानाला हा फरक लागणार नाही.

याच्याच जवळचं काहीतरी मला कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, जागरणात सापडलं. श्रावणात रात्रभर गाणी चालतात. गाणारी माणसं भोवतीच्या बायाबापड्यांशी मध्येच बोलतात, कोणी उठून पाणी आणतं, कोणी लेकराला झोपवतं, आणि गाणं तुटत नाही. रंगमंचाची चौकट त्यांच्याकडे कधी नव्हतीच. मी पूर्वी यावर 'लोककला' असा शिक्का मारून वेगळ्या वहीत लिहायचे. या हंगामापासून वही एकच आहे.

राहिलेल्या नोंदी थोडक्यात. हंगामात एकूण सतरा प्रयोग पाहिले, पैकी तीन दोनदा. दोनदा पाहिलेल्या तिन्हींवरचं माझं पहिलं मत थोडंफार तरी बदललं. अंधारात टॉर्च न लावता लिहिणं जमायला लागलंय. एका पानावर एकच ओळ, पान डाव्या अंगठ्याने पकडायचं, म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत. परतीच्या गाडीसाठी एकदा शेवटच्या दहा मिनिटांआधी उठावं लागलं. त्या प्रयोगावर लिहिलं नाही, आणि वेळापत्रक बदलेपर्यंत त्या वेळेचे प्रयोग बघायला जाणारही नाही. धरणगाव गेलं की झोप लागते, म्हणून जळगावच्या फलाटावरच पहिला मजकूर लिहून काढते, गाडी येईपर्यंत.

कापसाचा तिसरा प्रयोग धुळ्याला आहे, पुन्हा मोठ्या नाट्यगृहात. या वेळी मी मुद्दाम शेवटच्या रांगेचं तिकीट काढलं आहे. पोरांनी त्या सहा मिनिटांचं काय केलं ते तिथूनच पाहायचं आहे. दिग्दर्शकाला मी सांगितलेलं नाही.