रेडिएटा पाइनवरचे लाल पट्टे

न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइन या सूचिपर्णी झाडाच्या लागवडीत १९६४ मध्ये डोथिस्ट्रोमा ही बाहेरून आलेली बुरशी सापडली. रोग लागलेल्या पाइनची सुई, म्हणजे सुईसारखं पान, हातात घेऊन नीट बघा: एक ते तीन मिलिमीटरचा विटकरी पट्टा, त्यात काळे ठिपके. टोक वाळलेलं, बुडखा मात्र अजून हिरवा. बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी उडतात, म्हणून रोग खालच्या फांद्यांपासून वर चढतो.

उपाय तांब्याचा. तेलात मिसळलेलं क्युप्रस ऑक्साइड विमानातून, हेक्टरी जेमतेम पाच लिटर, अगदी बारीक थेंबांत फवारतात. हे औषध लागलेला रोग बरा करत नाही, निरोगी सुईवर रुजू पाहणारा बीजाणू मारतं. त्यामुळे वेळ चुकली की पैसा वाया! फवारणी नोव्हेंबरच्या सुमारास, तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर करतात.

सरसकट फवारू नये. आधी पाहणी करून झाडावरच्या सुयांचा किती टक्के भाग लाल झालाय ते ठरवावं. साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या पुढे गेला तरच विमान बोलवावं. विरळणी आणि खालच्या फांद्यांची छाटणी वेळेवर झाली तर हवा खेळते, सुया लवकर सुकतात, आणि फवारणीही कमी लागते. माझ्या मते खरी मेहनत इथेच घ्यायला हवी. झाडं पंधरा वर्षांची झाली की बहुतेक स्वतःच तग धरतात.