गाठी बांधण्याआधीची वाळवण

पावसाळा सरता सरता कळमेश्वर-काटोलकडच्या पडीक जमिनींवरचे गवत कापणीला येते, तेव्हा बहुतेकांची धावपळ भाड्याने बेलर (गवताच्या गाठी बांधणारे यंत्र) मिळवण्यासाठी चाललेली असते. माझ्या मते ती आधी वाळवणीसाठी व्हायला हवी. कारण ताज्या गवतात 75 ते 80 टक्के पाणी असते, आणि लहान गाठ बांधताना ते 15 ते 18 टक्क्यांवर आलेले असावे लागते.

कापल्यानंतरचे पहिले पाणी पानांवरील रंध्रांतून झपाट्याने उडते, पण त्यासाठी ऊन लागते. जाड थराखाली अंधार झाला की रंध्रे मिटतात. म्हणून मोअरमागे (गवत कापणाऱ्या यंत्रामागे) अरुंद ओळ न पाडता गवताचा पट्टा शक्य तितका रुंद पडू द्यावा, आणि कापणी जमिनीपासून तीन इंच वर ठेवावी, म्हणजे खुंटांवर टेकलेल्या गवताखालून हवा खेळते. यासाठी नवे यंत्र लागत नाही, तरीही हाच उपाय सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

पुढचे पाणी काड्यांत अडकलेले असते. कंडिशनरचे रूळ काडी चेचून त्याला वाट करून देतात. लसूणघास किंवा बरसीमसारख्या जाड काडीच्या पिकांत त्याचा फायदा मोठा. बारीक काडीच्या गवतासाठी मात्र मी आधी टेडरवर पैसे खर्च करेन, कारण त्याचे फिरते काटे खालचा ओलसर थर उचलून मोकळा पसरवतात. टेडर सकाळी दव ओसरताच, गवत अजून नरम असताना चालवावा. लसूणघासातील ओलावा 40 टक्क्यांखाली आल्यावर टेडर फिरवला, तर पाने झडून शेतातच राहतात, आणि प्रथिनांचा बराचसा वाटा पानांतच असतो. (दुपारी मागे उडणारा हिरवा चुरा पाहिला की काय गमावले ते कळते.) रेकने (गवत ओढून गोळा करणाऱ्या अवजाराने) ओळी करण्याचे कामही त्याच सुमारास, पाने नरम असतानाच उरकावे.

कापणीपूर्वी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहावा. बेलर बोलावण्यापूर्वी ओळीच्या तळातून मूठभर गवत काढून जाड काडी नखाने खरवडावी. साल सुटून आली तर अजून ओल आहे. ओलावामापक असल्यास उत्तमच, परंतु त्याची सुई वरच्या कुरकुरीत थरात न खुपसता तळाशी घालावी. वीस टक्क्यांहून अधिक ओलाव्याने बांधलेल्या गाठींना बुरशी येते, त्या आतून तापतात आणि गंजीत पेटही घेऊ शकतात. शंका असेल तर त्या काही दिवस सुट्या, हवेशीर ठेवाव्यात आणि आत लोखंडी सळई खुपसून उष्णता पाहूनच रचाव्यात.