तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी सुबारू आउटबॅक घ्यावी का?

अमेरिकेत पहिला हिवाळा काढला की बरीच मराठी मंडळी हा प्रश्न विचारतात. कुणी मॅसॅच्युसेट्समधून, कुणी मिनेसोटातून, कुणी कोलोराडोतून. गाडी दहा-बारा वर्षांची, लाख-सव्वा लाख मैल चाललेली, बर्फात हमखास चालते असं सगळे सांगतात आणि किंमतही परवडते. घ्यावी का, आणि घेतली तर पुढे किती खर्च निघेल?

घ्यावी, पण साल बघून. आउटबॅक हे नाव एकच असलं तरी आत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या निरनिराळ्या जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीचं दुखणं वेगळं आहे. विकणारा मैल सांगतो, तुम्ही आधी साल विचारा. चार सिलिंडरच्या गाड्यांत २००९ पर्यंत जुनं २.५ लिटरचं ईजे इंजिन आणि साधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०१० ते २०१२ मध्ये इंजिन तेच, पण साध्या ऑटोमॅटिकच्या जागी सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. २०१३ पासून नवं एफबी इंजिन आणि सीव्हीटी.

ईजे इंजिनाचं प्रसिद्ध दुखणं म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पातळ सील. हे बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर आडवे झोपलेले असतात आणि हेड दोन्ही बाजूंना. उभ्या इंजिनात तेल खाली निघून जातं. इथे तेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) हेडच्या खालच्या कडेला, गॅस्केटच्या अंगावर साचून राहतात. कंपनीने बसवलेलं मूळ गॅस्केट एकाच पत्र्याचं, वर ग्राफाइटचा थर. तो थर वर्षानुवर्षं झिजतो आणि गळती सुरू होते. १९९६ ते १९९९ च्या इंजिनांत गॅस्केट आतून जायचं, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरायचा आणि गाडी अचानक तापायची. २००० नंतरच्या इंजिनांत ते बहुतेक वेळा बाहेरून पाझरतं. हा प्रकार सावकाश चालतो, म्हणूनच विकणाऱ्याला तो लपवता येतो.

तपासायचं असं. इंजिन पूर्ण गार असताना गाडी बघायला जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. टॉर्च घेऊन खाली वाका आणि हेड जिथे ब्लॉकला मिळतं ती खालची शिवण बघा. तेलकट काळा थर किंवा कूलंटचे वाळलेले पांढरट-हिरवट डाग दिसले तर गळती आहे. इंजिन लख्ख धुतलेलं असेल तर शंका घ्या, दहा वर्षांच्या इंजिनावर धूळ असायलाच हवी. मग हायवेवर वीसेक मिनिटं चालवा, परत येऊन इंजिन चालू ठेवा आणि कूलंटची बाहेरची प्लॅस्टिकची टाकी बघा. टाकी उघडायची नाही, रेडिएटरचं झाकण तर मुळीच नाही. बाहेरूनच बघा. बारीक बुडबुडे सतत येत असतील किंवा आत काळपट तवंग असेल तर गॅस्केट आतून गेलंय, ती गाडी सोडा. खात्री हवी असेल तर मेकॅनिककडे एक निळं रसायन असतं. कूलंटवरची हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा झाला, की सिलिंडरमधला वायू येतोय हे पक्कं.

दुरुस्तीचा खर्च खासगी गॅरेजात १,५०० ते २,५०० डॉलर, डीलरकडे त्याच्याही वर. यात भाव पाडण्यापेक्षा काम नीट होतंय का हे बघा. हेड मशीनवर घासून सपाट करून घेतलेच पाहिजेत, आणि गॅस्केट अनेक पत्र्यांचं, टर्बो इंजिनाला वापरतात तसं, घालायला सांगा. इंजिन खोललेलंच आहे तर टायमिंग बेल्ट, त्याच्या पुल्या, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला. या जादा कामाची मजुरी जवळपास नसतेच, फक्त सामानाचे पैसे. 'एकाच बाजूचं करून देतो, स्वस्तात पडेल' असं म्हणणाऱ्या गॅरेजातून बाहेर पडा.

टायमिंग बेल्टबद्दल वेगळं सांगायला हवं. ईजे इंजिनाचा बेल्ट १,०५,००० मैलांनी किंवा १०५ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिनाचं वाटोळं होतं. पुल्या आणि पंपासकट हे काम साधारण ७०० ते १,००० डॉलरचं. बदलल्याची पावती दाखवली नाही तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कापा. 'माझ्या आधीच्या मालकाने केलं होतं' ही पावती नव्हे. नुसता बेल्ट बदलून पुल्या जुन्याच ठेवल्या असतील तरी धोका कायम, कारण अनेकदा आधी पुलीचं बेअरिंग जातं आणि तीच बेल्टला घेऊन जाते.

एफबी इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे आणि हेड गॅस्केटचा त्रास जवळपास संपला. पण सुरुवातीच्या वर्षांत, आउटबॅकमध्ये विशेषतः २०१३ ला, ही इंजिनं तेल प्यायची. त्यावर अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि कंपनीने त्या गाड्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. ती मुदत आता संपली. म्हणून २०१३-१४ ची गाडी बघताना डिपस्टिक काढून बघा, आणि मालकाला दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल वरून घालावं लागतं ते सरळ विचारा. हजार-बाराशे मैलांना पाव-अर्धा क्वार्ट लागत असेल तर डिकीत एक बाटली ठेवून वर्षानुवर्षं चालवता येते. पूर्ण क्वार्ट लागत असेल तर नको.

आता सीव्हीटी. खरी मोठी रक्कम इथे जाते. यात दात असलेले ठरावीक गिअर नाहीत. मागेपुढे सरकणाऱ्या दोन पुल्या आणि त्यांच्यामधली पोलादी साखळी, असा हा गिअरबॉक्स. २०१० ते २०१५ च्या आउटबॅकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा भाग) आणि व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं तेल हवं तिकडे वळवणारा भाग) यांच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीने वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैल केली. तीही आता संपली, त्यामुळे पुढचा खर्च तुमचा. गाडी सिग्नलला थांबताना धक्के देत असेल, मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर इंजिन जसं गुदमरतं तशी, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटत नाहीये. व्हॉल्व्ह बॉडी गेली की गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा लुकलुकतो आणि गाडीचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी२७६४ हा कोड येतो. नुसती व्हॉल्व्ह बॉडी बदलायला १,५०० ते २,५०० डॉलर लागतात. पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा तर ७,००० ते ९,०००, म्हणजे अनेकदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

सीव्हीटीचं तेल आयुष्यभर चालतं असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मानू नका. ६०,००० मैलांच्या आसपास ते बदललेलं चांगलं. २५० ते ४०० डॉलर लागतात. तेल अगदी त्या गिअरबॉक्ससाठीचंच हवं. 'सगळ्या सीव्हीटीला चालतं' अशी बाटली घेऊ नका. आणि पातळी तपासताना तेल ठरावीक तापमानाला असावं लागतं, म्हणून हे काम सुबारू रोज हाताळणाऱ्याकडेच द्या.

म्हणूनच २०१० ते २०१२ ची चार सिलिंडरची ऑटोमॅटिक आउटबॅक मी कुणाला सुचवत नाही. त्यात जुन्या इंजिनाचं गॅस्केट आणि पहिल्या पिढीचा सीव्हीटी, दोन्ही दुखणी एकाच गाडीत येतात. त्याच काळातली सहा सिलिंडरची ३.६आर मात्र मिळाली तर जरूर बघा. २०१४ पर्यंत तिला पाच गिअरचा साधा ऑटोमॅटिक होता आणि इंजिनाला चेन. पेट्रोल जास्त पिते, शहरात गॅलनला अठरा-वीस मैल. पण ज्यांचं चालवणं कमी आहे त्यांना ती एकंदरीत स्वस्तच पडते. चार सिलिंडरचीच हवी असेल तर बजेट ताणून २०१५ नंतरची घ्या.

टायरच्या बाबतीत आपली मंडळी हटकून फसतात. भारतात पुढचे दोन झिजले की दोन नवे टाकायची सवय असते. इथे ती गाडीला महागात पडते. या गाडीची चारही चाकं कायम इंजिनाला जोडलेली असतात. झिजलेला टायर घेराने लहान, म्हणून तो नव्यापेक्षा जास्त फेरे घेतो. पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला हा फरक गिअरबॉक्सच्या शेपटीतल्या क्लचच्या चकत्या सतत घसरत राहून भरून काढतात. त्या तापतात, तेल करपतं आणि शेवटी चकत्या चिकटतात. सुबारूचा नियम असा, की चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. नक्षीच्या खोलीत मोजायचं तर जेमतेम इंचाचे दोन बत्तिसांश. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. एक टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील तर नवा टायर बाकीच्यांइतका घासून देणारी दुकानं आहेत, तो मार्ग चार टायरपेक्षा कितीतरी स्वस्त.

बघायला गेलेल्या गाडीवर दोन टायर एका कंपनीचे आणि दोन दुसरीचे असतील तर पुढची चाचणी चुकवू नका. गाडी गरम झाल्यावर कोरड्या, मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि ब्रेक सोडून अगदी सावकाश गोल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. गाडी सहज फिरली पाहिजे. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळत, ठेचकाळत जात असेल तर चकत्या चिकटल्यात. हे काम गिअरबॉक्स न उतरवता मागचं घर काढून करता येतं, तरी हजार डॉलरच्या पुढे जातं. गाडी कधी बंद पडलीच, तर टो ट्रक सपाट पाठीचा मागवा. दोन चाकं उचलून ओढून नेली तर याच चकत्या जळतात.

बाकीची दुखणी किरकोळ, पण हमखास येणारी. ताशी चाळीस मैलांच्या वर घुमल्यासारखा आवाज, वळणावर कमी-जास्त होणारा, म्हणजे चाकाचं बेअरिंग. एका चाकाला ३०० ते ५०० डॉलर. जळक्या ग्रीसचा वास येत असेल तर पुढच्या उजव्या ॲक्सलचा आतला रबरी बूट बघा. शेजारी एक्झॉस्ट असल्यामुळे तो आधी तडकतो. ॲक्सल आवाज करत नसेल तर नुसता बूट बदला. बाजारातले स्वस्त नवे ॲक्सल बसवले की सिग्नलला थांबल्यावर गाडी थरथरते, अशी तक्रार नेहमी येते. मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय घेऊच नका. ब्रेकच्या नळ्या, मागच्या चाकांवरच्या कमानी, आणि जुन्या गाड्यांत पेट्रोल भरायची नळी गंजते. ती नळी मागच्या उजव्या चाकामागे प्लॅस्टिकच्या आडोशात असते, त्यामुळे पेट्रोलचा वास येईपर्यंत कळत नाही.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, बरोबर क्रूझचा दिवा लुकलुकतो आणि ट्रॅक्शनचाही लागतो, तेव्हा लोक घाबरतात. सुबारूत इंजिनाचा कुठलाही कोड आला की बाकीच्या सोयी मुद्दाम बंद होतात, मग कारण पेट्रोलचं झाकण नीट न लावणं एवढंच का असेना. पंचवीस-तीस डॉलरचा स्कॅनर घ्या आणि कोड वाचा. पी०४२० आला तर लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) बदलू नका. आधी एक्झॉस्टची गळती आणि सेन्सर तपासा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मान्यताप्राप्त कन्व्हर्टरच लागतो आणि तो बराच महाग असतो. हाच स्कॅनर गाडी बघायला जाताना खिशात ठेवा. दिवा एकही नाही, पण मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) 'तयार नाहीत' असं दिसलं, तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

घेतल्यावरची एक खबरदारी. या गाडीच्या पोटाखाली इंजिनाच्या तेलाचं बूच वेगळं, पुढच्या डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. घाईने तेल बदलून देणाऱ्या दुकानांत नवशिका मुलगा चुकीचं बूच उघडतो, डिफरन्शियल किंवा गिअरबॉक्स रिकामा होतो आणि इंजिनात जुन्या तेलावर नवं ओतलं जातं. दुकानाच्या आवारातच डिपस्टिक काढा. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर दिसलं तर इंजिन चालू करू नका, गाडी तिथेच पुन्हा लिफ्टवर घ्यायला लावा. तसेच काही मैल चाललात तर कोरडं डिफरन्शियल आधी ओरडतं आणि मग जाम होतं.

हिशेब असा धरा. पैसे देण्याआधी डीलरशी संबंध नसलेल्या सुबारू मेकॅनिककडून तपासणी, १५० ते २५० डॉलर. किमतीशिवाय पहिल्या वर्षासाठी दोन हजार डॉलर बाजूला, चार टायर लागणार असतील तर आणखी सात-आठशे. विकणारा तपासणीला गाडी न्यायला नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा, या गाड्यांचा तुटवडा नाही. आणि सरकारी रस्ता सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अंकी-अक्षरी नंबर टाकून रिकॉल बघा. यातल्या बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत प्रवाशाच्या बाजूला टाकाटा कंपनीची सदोष एअरबॅग होती. ती बदललेली नसेल तर डीलर आजही फुकट बदलून देतो, मालक कितवाही असो.